हर्मेटिक परंपरेतील दीक्षा: ती कोणी द्यावी लागते, की संवादातूनच घडते?

धागाकर्ता

गेले वर्षभर मी हर्मेटिक तत्त्वज्ञानाचे, म्हणजे हर्मीस ट्रिसमेजिस्टस या दंतकथेतील ऋषीच्या नावावर असलेल्या विचारांचे, जमेल तसे वाचन करीत आहे. बहुतेकांची होते तशीच माझीही सुरुवात ‘किबॅलियन’ या पुस्तकापासून झाली. मन, सादृश्य, कंपन, ध्रुवता, लय, कार्यकारणभाव आणि लिंगतत्त्व ही त्यातील सात तत्त्वे मी अक्षरशः पाठ केली आणि हाच हर्मीस ट्रिसमेजिस्टसचा उपदेश, असे समजून चाललो. पुढे एका संस्थेच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवले. संस्थेचे नाव येथे देत नाही. दर दोन महिन्यांनी एक पाठ येई, त्याखाली काही प्रश्न असत, आणि उत्तरे पाठवली की पुढील श्रेणीची दीक्षा मिळाल्याचे प्रमाणपत्र ईमेलने येई. तिसऱ्या श्रेणीच्या प्रमाणपत्रावर माझे आडनाव चुकीचे छापले होते. ते दुरुस्त करून देण्यासाठी वेगळे शुल्क मागितले गेले, तेव्हा मी पहिल्यांदा थांबून विचार केला की आपण नेमके काय मिळवीत आहोत.

मूळ हर्मेटिक ग्रंथांमध्ये दीक्षा म्हणता येईल असे काही आहे का, आणि असल्यास ती देणारा अधिकारी पुरुष आवश्यक मानला आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. अभ्यासक्रमात असेही सांगितले होते की ही दीक्षा इजिप्तच्या मंदिरांतील पुरोहितांपासून आजपर्यंत अखंड चालत आली आहे. या दाव्यात तथ्य किती आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. सात तत्त्वांचा सारांश मात्र कृपया देऊ नये. तो मला झोपेतही सांगता येईल.

पोथीनिष्ठ

आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ‘किबॅलियन’चा हिशेब मिटवून टाकू. ते पुस्तक १९०८ साली शिकागो येथे प्रकाशित झाले. लेखक म्हणून त्यावर ‘तीन दीक्षित’ एवढेच छापलेले आहे. पण ते विल्यम वॉकर ॲटकिन्सन यांनी लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हेच गृहस्थ ‘योगी रामचरक’ या टोपणनावानेही पुस्तके लिहीत असत. मनाच्या बळाने परिस्थिती बदलता येते असे मानणाऱ्या आणि त्या काळी अमेरिकेत जोर धरलेल्या ‘न्यू थॉट’ या विचारपंथाची छाप पुस्तकाच्या पानोपानी दिसते. पुस्तक वाईट आहे असे मी म्हणत नाही, परंतु ‘सात तत्त्वे’ अशी मांडणी प्राचीन हर्मेटिक ग्रंथांत कुठेही नाही. त्याहून महत्त्वाचा फरक स्वराचा आहे. ‘किबॅलियन’ नियम सांगते आणि ते वापरून परिस्थितीवर ताबा कसा मिळवावा हे शिकवते. प्राचीन ग्रंथांत स्तोत्रे आहेत, प्रार्थना आहेत, अश्रू आहेत, आणि ताबा मिळवण्यापेक्षा ताबा सोडण्याची भाषा आहे.

ज्याला ‘कॉर्पस हर्मेटिकम’ म्हणतात त्या संग्रहात ग्रीक भाषेतील १७ प्रकरणे आहेत. त्यांचे क्रमांक १८ पर्यंत जातात, कारण जुन्या एका आवृत्तीतील १५ वे प्रकरण पुढे गाळले गेले आणि बाकीचे क्रमांक तसेच राहिले. त्याखेरीज लॅटिनमध्ये टिकलेला ‘अस्क्लेपियस’, स्टोबायस या संकलकाने जपलेले उतारे, आर्मेनियन भाषेतील सूत्रे आणि १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ सापडलेले कॉप्टिक (इजिप्शियन भाषेच्या उत्तरकालीन रूपातील) ग्रंथ, एवढी मुख्य सामग्री आहे. ही रचना साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातील, रोमन अमलाखालच्या इजिप्तमधली आहे.

दीक्षेचा प्रश्न सर्वांत थेट येतो तो १३ व्या प्रकरणात. हर्मीस आणि त्याचा मुलगा-शिष्य टाट यांचा हा संवाद आहे, आणि विषय आहे ‘पालिंगेनेसिया’, म्हणजे पुनर्जन्म. अर्थात मेल्यानंतर दुसरा देह मिळण्याचा नव्हे, तर याच देहात नव्याने जन्मण्याचा. टाट तक्रारीच्या सुरात सुरुवात करतो. पूर्वी डोंगरावरून उतरताना मी तुम्हाला हे विचारले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात की जगाला परका होण्याची तुझी तयारी झाली की सांगेन. आता ती तयारी झाली आहे, तेव्हा सांगा. हर्मीस उत्तरे देतो, पण एकही उत्तर टाटच्या हाती लागत नाही. गर्भाशय कोणते? शांततेत वसणारे ज्ञान. बीज कोणते? खरे मंगल. पेरणारा कोण? ईश्वराची इच्छा. टाट चिडतो, आपण औरस मुलगा असून आपल्याला परक्यासारखे वागवले जात आहे असे म्हणतो. हर्मीस मग सांगतो की ही गोष्ट शिकवता येत नाही. ईश्वराला वाटेल तेव्हा तोच तिचे स्मरण करून देतो.

हे वाक्य एकदा नीट वाचले की प्रमाणपत्राचा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात निघतो. तरीही संवाद तेथे संपत नाही, आणि खरी गंमत पुढेच आहे. हर्मीस देहात वसणाऱ्या बारा छळकांची नावे घेतो: अज्ञान, शोक, असंयम, वासना, अन्याय, लोभ, कपट, मत्सर, दगा, क्रोध, अविचार आणि दुष्टावा. ही संख्या राशीचक्रावरून आलेली आहे, कारण ज्या देहरूपी तंबूत आपण राहतो तो राशीचक्राने घडवला, अशी त्यामागची कल्पना आहे. मग तो टाटला गप्प राहायला सांगतो आणि एकेक शक्ती आल्याची वर्दी देऊ लागतो. ईश्वराचे ज्ञान आले, अज्ञान गेले. आनंद आला, शोक गेला. संयम, धृती, न्याय, औदार्य आणि सत्य अशा क्रमाने सात शक्ती येतात, आणि सत्याच्या पाठोपाठ मंगल, जीवन आणि प्रकाश या तिन्ही एकदम येतात. दहा शक्तींनी बारा छळकांना घालवले. हा सगळा भाग वर्तमानकाळात घडतो. गुरू एखाद्या घटनेचे वर्णन करीत नाही. त्याचे बोलणे चालू असतानाच ती घटना शिष्याच्या ठायी घडते. थोड्याच वेळाने टाट म्हणतो की मी आकाशात आहे, पृथ्वीत, पाण्यात, हवेत आहे, प्राण्यांत आणि वनस्पतींत आहे, गर्भात आहे, गर्भापूर्वी आणि गर्भानंतरही आहे.

म्हणून माझे उत्तर असे: दीक्षा आहे, गुरूही आहे, पण गुरूने ‘दिली’ असे दीक्षेबाबत म्हणता येत नाही. तो बोलतो, नको तेव्हा गप्प बसतो, शिष्याला चिडू देतो आणि योग्य क्षणी त्याला गप्प करतो. श्रेणी, परीक्षा, पदवी यांचा १३ व्या प्रकरणात मागमूसही नाही.

उंबरठा

पोथीनिष्ठ यांनी ग्रंथाचे वर्णन चोख केले आहे, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. मी अनेक वर्षे विधिपूर्वक दीक्षा देणाऱ्या एका लहान मंडळात काम केले आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

श्रेणींची पद्धत आधुनिक आहे, हे मान्य. १८८८ साली लंडनमध्ये वेस्टकॉट, मेदर्स आणि वुडमन या तिघांनी ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ स्थापन केली, आणि आज हर्मेटिक दीक्षा म्हणून जे काही चालते त्याचा बराचसा आराखडा तेथूनच आला आहे. प्रवेशविधीनंतर पृथ्वी, वायू, जल आणि अग्नी या चार महाभूतांशी जोडलेल्या चार श्रेणी, आणि त्यानंतर सात भिंतींच्या एका कक्षात होणारी अंतर्मंडळाची दीक्षा, असा तो क्रम होता. कवी डब्ल्यू. बी. येट्स १८९० साली या मंडळात दाखल झाले होते. १९०० च्या सुमारास मंडळात फूट पडली, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस इझ्रायल रिगार्डी यांनी तेथील विधी छापून टाकल्यावर त्यात गुप्त असे फारसे उरले नाही. या विधींत कबाला हा ज्यू गूढवाद आहे, रोझिक्रुशियन या गुप्त बंधुमंडळाची कथा आहे, फ्रीमेसन या विधिबद्ध बंधुसंघाची रचना आहे. शुद्ध हर्मेटिक असे त्यात थोडेच आहे. हे सगळे मला ठाऊक आहे.

आणि तरीही विधी काहीतरी करतो. पहिल्या दीक्षेत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि कमरेभोवती दोराचे तीन वेढे असतात. आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. आवाज एकदा समोरून येतो, एकदा पाठीमागून. पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपावी लागते. ‘मी अज्ञानात आहे’ हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि ते तळपायांना कळणे यांत अंतर आहे. मी स्वतः हे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. पट्टी बांधून घेतली तेव्हा मला सर्वांत जास्त लक्षात राहिला तो मेणबत्ती विझल्याचा वास. आणि पुढे दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना माझे हात त्याच्यापेक्षा जास्त थरथरत होते.

शिवाय ग्रंथांनाही विधीचे वावडे नाही. चौथ्या प्रकरणात ईश्वराने ‘नूस’ने, म्हणजे ईश्वर जाणणाऱ्या दृष्टीने, भरलेले एक मोठे पात्र पृथ्वीवर पाठवल्याची कथा आहे, सोबत दवंडी देणारा पाठवला आणि माणसांच्या हृदयांना आवाहन केले की ज्याला शक्य असेल त्याने यात बुडी घ्यावी. ज्यांनी घेतली ते पूर्ण झाले, ज्यांनी दवंडी ऐकूनही घेतली नाही त्यांच्याजवळ वाणी राहिली, पण नूस नाही. बुडी घेणे ही प्रतिमा ज्याने स्नानविधी कधी पाहिलाच नाही त्याला सुचेल का? १३ व्या प्रकरणाच्या शेवटचे स्तोत्रदेखील आरामात बसून म्हणायचे नाही. उघड्यावर उभे राहून, सूर्य मावळताना दक्षिणेकडे आणि उगवताना पूर्वेकडे तोंड करून, वाकून नमस्कार करायचा, अशी स्पष्ट सूचना तेथे आहे. तेव्हा सर्व काही नुसत्या बोलण्यातून घडते, असे म्हणण्याची घाई करू नये.

ईमेलने येणाऱ्या दीक्षेचा बचाव मात्र मी करणार नाही. ज्या विधीला शरीर लागत नाही, तो विधी नव्हेच.

सनावळी

अखंड परंपरेच्या दाव्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: या ग्रंथांत इजिप्शियन काही आहे का, आणि पुरोहितांपासून आजपर्यंत साखळी आहे का.

पहिल्याचे उत्तर पूर्वीपेक्षा आज अधिक ठामपणे ‘आहे’ असे देता येते. हर्मीस ट्रिसमेजिस्टस हे ग्रीक हर्मीस आणि इजिप्तचा लेखनदेव थॉट यांचे मिश्रण. ट्रिसमेजिस्टस म्हणजे ‘त्रिवार थोर’, आणि हे विशेषणसुद्धा थॉटलाच लावले जाई. ‘थोर’ हा शब्द तीनदा लिहिण्याची इजिप्शियन पद्धत सक्कारा येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मजकुरांत दिसते. पुरोहितांकडे हर्मीसची ४२ पुस्तके होती आणि मिरवणुकीत ती नेली जात, असे अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा प्राचीन ख्रिस्ती लेखक सांगतो. इयाम्ब्लिकस हा तत्त्वज्ञ तर मानेथो या इजिप्शियन पुरोहिताच्या हवाल्याने ३६,५२५ पुस्तकांचा आकडा देतो. वर्षाचे ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश दिवस गुणिले शंभर केले की हाच आकडा येतो, यावरून तो मोजून आलेला नाही हे उघड आहे.

दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याची कथा मोठी वाचनीय आहे. १४६० च्या सुमारास एका भिक्षूने मॅसिडोनियातून ग्रीक हस्तलिखित फ्लोरेन्सला तेथील सत्ताधीश कोसिमो दे मेदिची यांच्याकडे आणले. कोसिमो वृद्ध झाले होते. त्यांनी मार्सिलिओ फिचिनो या विद्वानांना प्लेटोचे भाषांतर बाजूला ठेवून आधी हर्मीस करायला सांगितले. भाषांतर १४६३ मध्ये पूर्ण झाले आणि कोसिमो १४६४ मध्ये वारले. हर्मीस हा प्लेटोच्याही फार पूर्वीचा आद्य ऋषी, अशी फिचिनो यांची श्रद्धा होती. सिएना येथील कॅथेड्रलमध्ये शिरल्याबरोबर पायाखाली संगमरवरात कोरलेला हर्मीस दिसतो. ते काम १४८० च्या दशकातील असून त्याखालच्या पाटीवर तो बायबलमधील प्रेषित मोझेसचा समकालीन असल्याचे लिहिले आहे. चर्चच्या फरशीवर, उंबरठ्यालगत, एक मूर्तिपूजक ऋषी! त्याच्या प्राचीनतेवर लोकांचा विश्वास किती गाढ होता, हे समजण्यासाठी दुसरा पुरावा नको.

१६१४ साली इझाक कॅसोबॉन या भाषापंडिताने ही समजूत मोडून काढली. ग्रंथातील ग्रीक उशिराच्या वळणाची आहे, शब्दखेळ केवळ ग्रीकमध्येच जमणारे आहेत, आणि एका प्रकरणात तर फिडिआस या शिल्पकाराचा उल्लेख आहे, जो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. मग हा मजकूर मोझेसच्या काळचा कसा असेल? योगायोग असा की रोझिक्रुशियन पंथाची पहिली पत्रिकाही त्याच वर्षी छापली गेली. एकीकडे प्राचीनतेचा पाया खचत होता आणि दुसरीकडे गुप्त बंधुमंडळांची नवी कल्पना उभी राहत होती. आजच्या ‘अखंड परंपरा’ सांगणाऱ्या बहुतेक संस्थांची खरी वंशावळ या दुसऱ्या टोकाला जाऊन मिळते.

मधल्या काळात अरबी परंपरेने हर्मीसला सांभाळले, हे विसरता कामा नये. ‘जसे वर तसे खाली’ हे वचन ज्या पाचूच्या पाटीवरून आले, तिचा सर्वांत जुना उपलब्ध मजकूर अरबीत आहे आणि लॅटिनमध्ये तो बाराव्या शतकात आला. न्यूटन यांनी त्याचे स्वतः केलेले इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. पण ही ग्रंथांची वाटचाल झाली. माणसाने माणसाला दीक्षा दिल्याची साखळी नव्हे.

धागाकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘किबॅलियन’ हातात घेऊन मी ज्या घरात शिरलो असे मला वाटत होते, त्या घराचे केवळ चित्र मी पाहत होतो, असे आता वाटते. आणखी दोन शंका उरल्या आहेत. अभ्यासक्रमात सात श्रेणी होत्या आणि त्या सात ग्रहांच्या सात स्वर्गांवरून घेतल्या आहेत, असे सांगितले जाई. याला काही आधार आहे का? दुसरे असे की तेथे प्रत्येक पाठावर ‘गुप्त’ असा शिक्का असे. जर हे सर्व ग्रंथ छापून उपलब्ध आहेत, तर गुप्तता कशाची?

पोथीनिष्ठ

सात ग्रहमंडलांना आधार आहे, पण तो उलट्या दिशेने. पहिल्या प्रकरणात, म्हणजे ‘पॉइमांद्रेस’मध्ये, आत्मा वर जाताना प्रत्येक मंडलात काहीतरी मिळवत नाही, परत करतो. चंद्राच्या मंडलात वाढ आणि घट यांची शक्ती, बुधाच्या मंडलात कारस्थान, शुक्राच्या मंडलात वासनेचा भुलावा, सूर्याच्या मंडलात सत्तेचा ताठा, मंगळाच्या मंडलात बेछूट धाडस, गुरूच्या मंडलात संपत्तीची हाव आणि शनीच्या मंडलात दबा धरून बसलेले असत्य, असे एकेक ओझे उतरवत तो आठव्या स्थानी केवळ स्वतःच्या शक्तीनिशी पोहोचतो. ग्रंथात ग्रहांची नावे दिलेली नाहीत, फक्त पहिले, दुसरे असे क्रमांक आहेत. ग्रह कोणते, हे प्राचीन खगोलक्रमावरून ओळखता येते. हा प्रवासही तेथे देह सुटल्यानंतरचा म्हणून सांगितला आहे. म्हणजे श्रेणी चढताना प्रमाणपत्रांचा ढीग वाढत असेल, तर चढण्याची दिशा तरी तपासून पाहायला हवी.

जिवंतपणी तेथे पोहोचण्याचा उल्लेख नाग हम्मादीच्या सहाव्या पोथीत आहे. तेथील संवादाचे मूळ शीर्षक खराब झाले आहे. अभ्यासक त्याला ‘आठव्या आणि नवव्याविषयीचे प्रवचन’ म्हणतात. शिष्य सांगतो की सातव्यापर्यंत आम्ही आलो आहोत, आता आठव्यात आणि मग नवव्यात ने. आणि येथे मला उंबरठा यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करावे लागते. दोघे मिळून प्रार्थना करतात, तीत अर्थ नसलेल्या स्वरांच्या माळा आहेत. एकमेकांना आलिंगन देतात. मग गुरूलाच आधी दर्शन होते आणि तो थरारून बोलू लागतो. आठव्यातील आत्मे आणि देवदूत शांतपणे स्तोत्र गात आहेत, असे तो सांगतो. शिष्य विचारतो, मी कसे गाऊ? उत्तर मिळते की मौनात गा. नुसत्या पुस्तकी चर्चेला असे वळण लागत नाही. एकेकाळी फेस्तुजिएर यांच्यासारखे थोर अभ्यासक हे सर्व केवळ साहित्य मानीत, त्यामागे प्रत्यक्ष समुदाय नव्हता असे म्हणत. नाग हम्मादीनंतर माहे आणि फाउडन या अभ्यासकांनी ते मत बरेच बदलायला लावले. लहान लहान गट होते, गुरू होते, पायरीपायरीने शिकवण होती, असे आज मानले जाते.

सहाव्या पोथीत पुढेच एक आभारप्रार्थना आहे, जी ग्रीक आणि लॅटिनमध्येही टिकली आहे. तिच्या शेवटी लिहिले आहे की प्रार्थना झाल्यावर त्यांनी एकमेकांना आलिंगन दिले आणि रक्त नसलेले आपले शुद्ध अन्न खायला ते गेले. एवढ्या मोठ्या दर्शनांच्या शेजारी हे साधे वाक्य आले की मला नेहमी वाटते, येथे खरोखर दोन-चार माणसे एका खोलीत बसलेली होती.

गुप्ततेबद्दल ग्रंथ एकमताचे नाहीत. ‘पॉइमांद्रेस’च्या शेवटी ज्याला दर्शन झाले तो थेट लोकांत जाऊन हाका मारतो की मद्य आणि झोप यांतून जागे व्हा; काही थट्टा करून निघून जातात, काही पायाशी बसतात. १३ व्या प्रकरणात मात्र हर्मीस मौनाचे वचन घेतो. माझ्या मते हे मौन माहिती लपवण्यासाठी नाही. जी गोष्ट सांगून पोहोचत नाही ती सांगत सुटले की सांगणाऱ्याचीच पातळ होते, यासाठी ते आहे. १६ व्या प्रकरणातील एक विनोद येथे सांगण्याजोगा आहे, जरी तो अजाणता झालेला असावा: लेखक राजाला बजावतो की हा ग्रंथ ग्रीकमध्ये आणू देऊ नकोस, कारण ग्रीक भाषा म्हणजे पोकळ शब्दांचा आवाज, आणि हे सर्व त्याने लिहिले आहे अस्सल ग्रीकमध्ये.

एक सूचना. ‘नूस’चे भाषांतर ‘मन’ असे करून पुढे जाऊ नका. मन हे वासनेचेही घर असते. नूस म्हणजे ज्याने ईश्वर दिसतो ती दृष्टी, आणि ती प्रत्येकाला उपजत मिळालेली नसते असे हे ग्रंथ मानतात. तसेच ‘दीक्षा’ हा शब्दही आपण येथे सोयीसाठी वापरत आहोत. तो वापरताना कानात मंत्र, ठरलेला मुहूर्त असे जे काही मनात आपोआप उभे राहते, ते बाजूला ठेवूनच टाटचा संवाद वाचावा.

उंबरठा

आलिंगनाचा आणि जेवणाचा उल्लेख आणल्याबद्दल आभारी आहे. माझे म्हणणे मी लिहिले त्यापेक्षा त्या वाक्याने चांगले सांगितले. फक्त एका गोष्टीवर मी अजूनही अडून आहे. टाटला शेवटी जे घडते ते हर्मीस समोर असतानाच घडते. एकट्याने वाचून ते घडू शकेल, असे ग्रंथ कुठेही म्हणत नाही.

पोथीनिष्ठ

म्हणत नाही, हे खरे. पण तो संवाद लिहून ठेवला आहे, आणि लिहिणाऱ्याला वाचक अपेक्षित असणारच. कॉप्टिक संवादात तर गुरू शिष्याला आज्ञा करतो की हे सर्व चित्रलिपीत निळसर पाषाणाच्या शिळांवर कोरून दिओस्पोलिसच्या मंदिरासाठी ठेव. कोणासाठी तरी ते ठेवले आहे ना?

धागाकर्ता

दोघांचा हा मुद्दा मला सुटणारा वाटत नाही, आणि तो सुटला नाही तरी माझे काही अडणार नाही. काल रात्री मी १३ वे प्रकरण इंग्रजी भाषांतरातून मोठ्याने वाचले. टाट चिडतो तेथपर्यंत आवाज नीट चालला होता. शक्ती एकेक करून येऊ लागतात तेथे मात्र मी फार भरभर वाचत आहे, हे माझ्या लक्षात आले. जणू ती यादी संपवून पुढच्या प्रश्नांची उत्तरे लिहायची होती. परत मागे गेलो आणि प्रत्येक नावानंतर थांबलो. ‘आनंद’ या शब्दापाशी बराच वेळ गेला. ‘औदार्य’ आले तेव्हा आडनावाच्या शुल्कावरून मी पाठवलेला रागाचा ईमेल आठवला आणि हसू आले.

मौनाची आज्ञा येते तेथे वाचन थांबवले. त्यापुढचे स्तोत्र अजून वाचलेले नाही. ते उघड्यावर, संध्याकाळी वाचायचे ठरवले आहे. त्यानंतर कॉप्टिक ग्रंथांकडे वळावे की ‘अस्क्लेपियस’कडे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

पोथीनिष्ठ

सहावी पोथीच घ्या, म्हणजे दोन्ही साधतील, कारण आभारप्रार्थनेनंतर ‘अस्क्लेपियस’चाही एक मोठा भाग तिच्यात कॉप्टिकमध्ये आहे. आणि त्या दोहोंच्या मध्ये नकलाकाराने लिहिलेली एक छोटी टीप आहे, ती गाळू नका. ज्याच्यासाठी तो पोथी उतरवीत होता त्याला तो कळवतो की हर्मीसचे हे एकच प्रवचन मी उतरवले आहे, माझ्याकडे आणखी पुष्कळ आली आहेत, पण ती तुमच्याकडे आधीच पोहोचली असतील असे वाटल्यामुळे उतरवली नाहीत, उगाच तुम्हाला भार नको.